हद्दीखालची माती

ब्राझीलमधल्या सान्तोस या बंदराच्या शहरात समुद्राला लागून पाच किलोमीटरहून लांब बाग आहे. बागेपलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे उंच निवासी इमारतींची रांग. त्या रांगेतल्या डझनावारी इमारती कललेल्या आहेत. ते कळायला ओळंबा लावावा लागत नाही. दोन इमारतींमधली आकाशाची पट्टी कुठे वर जाताना निमुळती होते, कुठे फाकत जाते. बहुतेक इमारती विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या दोन-तीन दशकांत उभ्या राहिल्या. दोष त्यांच्या सिमेंटचा नव्हता की सळीचा नव्हता. प्रत्येक पाया त्या-त्या इमारतीपुरता विचार करून घातला गेला आणि खालची माती मात्र सगळ्यांची एकच निघाली.

या किनाऱ्यावर वरची साधारण दहा मीटर वाळू आहे, चांगली घट्ट. त्या काळच्या बिल्डरांनी तिच्या भरवशावर उथळ पाये घातले, आणि वाळूने दगा दिला नाही. पण वाळूखाली मऊ सागरी चिकणमातीचे जाड थर आहेत. दोन-तीन मजली घराचे वजन वाळूतच पसरून विरते. बारा-पंधरा मजल्यांचे वजन वाळू ओलांडून चिकणमातीपर्यंत पोचते, तिच्यातले पाणी हळूहळू पिळून काढते आणि इमारत वर्षानुवर्षे बसत राहते. एकटी असती तर ती बरीचशी सरळ बसली असती. तिथे शेजारी होते.

तिथल्या अभियंत्यांनी या कलण्याचा अभ्यास केला तेव्हा त्यात एक रीत सापडली. दोन इमारती शेजारी-शेजारी एकाच वेळी बांधल्या तर त्या एकमेकींकडे झुकतात, कारण मधल्या पट्ट्याखाली दोघींचे वजन एकत्र येते आणि तिथली माती जास्त बसते. एक आधी बांधली आणि दुसरी काही वर्षांनी, तर चित्र बदलते. पहिलीच्या वजनाने तिच्याखालची आणि आसपासची माती आधीच दबून कडक झालेली असते. नवी इमारत त्या बाजूला कमी बसते, मोकळ्या बाजूला जास्त, आणि म्हणून जुन्या शेजारणीपासून दूर कलते. जुनी मात्र या नव्या वजनाने पुन्हा बसू लागते आणि नवीकडे झुकते. दोन जुन्या इमारतींमधल्या रिकाम्या प्लॉटवर तिसरी आली तर दोन्ही जुन्या तिच्याकडे वळतात. उलट एकीच्या दोन्ही अंगांना नंतर दोन उभ्या राहिल्या तर त्या दोघी तिच्यापासून बाहेर कलतात. म्हणजे कोण कुठे कलले आहे हे पाहून त्या गल्लीत कोण आधी आले आणि कोण मागाहून, याचा अंदाज बांधता येतो.

या विषयाने मला धरून ठेवले ते या एका गोष्टीने. माती वजनांचा क्रम लक्षात ठेवते. चिकणमातीवर पूर्वी कधी जेवढा दाब येऊन गेला असेल, तेवढ्यापर्यंत ती नव्या दाबाला फारशी दबत नाही. तो टप्पा ओलांडला की झपाट्याने दबते. जमिनीतून काढलेल्या नमुन्यावर हा टप्पा प्रयोगशाळेत मोजता येतो. शेजारच्या इमारतीने वीस वर्षांपूर्वी तुमच्या मातीला दिलेला दाब अशा नमुन्यात सापडू शकतो.

सान्तोसच्या किनाऱ्यावरची नुन्सिओ मालझोनी ही सतरा मजली इमारत माथ्याशी दोन मीटरहून अधिक सरकली होती. २००० सालाच्या सुमारास तिच्या कडेने चिकणमाती भेदून पन्नास मीटरहून खोल पाइल घालण्यात आल्या, त्यांवर मोठे बीम टाकले आणि हायड्रॉलिक जॅकनी उचलून ती सरळ केली. तिच्या कललेल्या शेजारणींपैकी बहुतेक अजून तशाच उभ्या आहेत. हा खर्च सगळ्यांना झेपणारा नाही.

आपल्याकडे जमीन म्हणजे सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, मोजणीच्या खुणा आणि कंपाउंडची भिंत. पाया घालताना आरसीसी कन्सल्टंटच्या हातात जो नकाशा येतो त्यात आपला प्लॉट ठळक रेषेत असतो आणि शेजारचा प्लॉट म्हणजे कोरी जागा. हे पुस्तक त्या कोऱ्या जागेविषयी आहे. दोन इमारती एकमेकींना कुठेही न टेकता खालच्या मातीतून एकमेकींवर काय परिणाम करतात, तो किती असतो, केव्हा काळजी करावी आणि केव्हा करू नये, हे सांगावे म्हणून ते लिहिले. वाचकाला अभियांत्रिकी येते असे मी गृहीत धरलेले नाही. सोसायटीच्या कमिटीवर बसणारा माणूस, जुन्या वाड्याचा मालक, साइटवर पहिल्यांदाच उभा राहिलेला डिप्लोमाचा मुलगा, असे वाचक माझ्या डोळ्यांसमोर होते.

गणित थोडे करावे लागेल, पण ते करण्यासारखे आहे. जमिनीवर ठेवलेले वजन खाली कसे पसरते याचे सूत्र जोसेफ बुसिनेस्क या फ्रेंच गणितज्ञाने १८८५ साली मांडले. माती सर्वत्र सारखी आणि लवचीक आहे असे धरून ते चालते. खरी माती तशी नसते, तरीही पहिला अंदाज घ्यायला जगभर आजही तेच वापरतात. २० मीटर बाजूची चौरस राफ्ट, म्हणजे अख्ख्या इमारतीखालचा एकसंध पाया, घ्या. तिच्यावर दर चौरस मीटरला १५ टन, म्हणजे ढोबळमानाने बारा मजली निवासी इमारत. राफ्टच्या मध्याखाली २० मीटर खोलीवर या वजनाचा तिसरा हिस्सा, म्हणजे ५ टन, शिल्लक असतो. ४० मीटरवर जेमतेम दहावा हिस्सा उरतो. आता राफ्टच्या कडेपासून ५ मीटर बाहेर, शेजाऱ्याच्या आवारात या. इथे पृष्ठभागावर नव्या इमारतीचा भार शून्य आहे. पण २० मीटर खाली, अगदी या जागेखाली, दर चौरस मीटरला जवळजवळ अडीच टन भार वाढलेला असतो. इमारतीच्या मध्याखाली त्याच खोलीवर जेवढी वाढ झाली, तिच्या निम्म्याएवढा. शेजाऱ्याने आपल्या घरावर एक वीट चढवलेली नसते आणि त्याच्या खोल मातीवर दोन मजल्यांचे ओझे येऊन बसलेले असते.

त्या खोलीवर कातळ असेल तर या अडीच टनांनी काहीही होत नाही. मऊ चिकणमाती असेल तर सान्तोस होते. म्हणून कोणताही आकडा ऐकला की खाली काय आहे हा प्रश्न आधी विचारायचा.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती साइटवर फार वेळा विसरली जाते. दाबाची खोली वजनापेक्षा रुंदीवर जास्त अवलंबून असते. एका कॉलमखालच्या दोन मीटरच्या सुट्या पायाचा, म्हणजे फुटिंगचा, प्रभाव साधारण चार मीटर खाली विरतो. पण अशा फुटिंग दाटीने घातल्या की काही मीटर खाली त्यांचे दाब एकमेकांत मिसळतात आणि खोलवरच्या मातीला ती अख्ख्या इमारतीएवढी एकच फुटिंग वाटते. प्लेट लोड टेस्टमध्ये तीस सेंटिमीटरची लोखंडी प्लेट मातीवर दाबतात. तिला वरच्या साठेक सेंटिमीटर मातीची खबर लागते. त्या एका चाचणीवर दहा मजल्यांचा पाया ठरवला गेला की मला धडकी भरते. आणि हे एका इमारतीच्या कॉलमांपुरते नाही. प्लॉटची हद्द मधून जाते म्हणून दाब मिसळायचे थांबत नाहीत.

वजनाइतकेच, आणि आपल्या शहरांत वजनापेक्षा जास्त, महत्त्व पाण्याला आहे. कार्ल टर्झागी यांचे मृदायांत्रिकीवरचे पहिले पुस्तक १९२५ साली जर्मनमध्ये प्रसिद्ध झाले आणि या शास्त्राचा पाया घातला गेला. त्यांनी दाखवले की ओल्या मातीवरचा भार दोघे मिळून उचलतात, मातीचे कण आणि कणांमधले पाणी. माती दबते ती कणांच्या वाट्याला आलेल्या भारामुळे. पाणी काढून घेतले की पाण्याचा वाटा कणांवर येतो, वर एक किलोही न वाढवता. भूजलाची पातळी १ मीटर उतरली की तिच्याखालच्या मातीवर दर चौरस मीटरला सुमारे १ टन भार वाढतो. आरसीसी इमारतीचा एक मजलाही जवळपास तेवढाच. बेसमेंटच्या खड्ड्यात पाणी साचू नये म्हणून रात्रंदिवस पंप चालवून पातळी पाच मीटर उतरवली, तर खाली चिकणमाती असलेल्या शेजाऱ्याच्या डोक्यावर आपण चार-पाच मजले चढवल्यासारखे होते. इमारतीचा भार अंतराबरोबर लवकर ओसरतो. पंपाचा परिणाम रस्त्यापलीकडेही जातो.

मेक्सिको सिटी हे शहर जुन्या तळ्याच्या गाळावर वसले आहे. तिथल्या चिकणमातीत कणांच्या वजनाच्या कित्येक पट पाणी असते. पॅलासिओ दे बेयास आर्तेस हे तिथले भव्य संगमरवरी नाट्यगृह १९०४ मध्ये बांधायला घेतले आणि १९३४ मध्ये उघडले, आणि बांधकाम चालू असतानाच ते खचू लागले होते. त्याच्या जवळच लिओनार्दो सेवार्त यांनी टोरे लातिनोआमेरिकाना या ४४ मजली मनोऱ्याचा पाया आखला. मनोरा १९५६ मध्ये पूर्ण झाला. त्याखाली ३६१ पाइल आहेत. त्या सुमारे ३३ मीटर खोल असलेल्या घट्ट वाळूच्या थरात टेकवल्या. खोदलेल्या मातीच्या वजनाने इमारतीच्या वजनाचा काही हिस्सा भरून निघेल, असा तळही योजला. पण मला त्या कामातला सगळ्यांत मोलाचा भाग वाटतो तो पाण्याचा. खड्डा कोरडा ठेवायला पंप तर लागणारच होते. सेवार्तनी उपसलेले पाणी खड्ड्याबाहेर पुन्हा जमिनीत सोडले, आजूबाजूच्या जुन्या इमारतींखालचा पाण्याचा दाब टिकावा म्हणून. जगातल्या अवघड जमिनीवर आपला मनोरा उभा करताना शेजाऱ्याच्या मातीतल्या पाण्याची काळजी आराखड्यात पहिल्यापासून होती. १९५७ च्या आणि १९८५ च्या मोठ्या भूकंपांतून मनोरा सुखरूप राहिला हे सगळे सांगतात. त्याच्या पायाच्या कामातली ही काळजीही तेवढीच सांगितली गेली पाहिजे.

आता घरचे. दख्खनच्या पठारावर बहुतेक ठिकाणी काही मीटरवर मुरूम आणि त्याखाली बेसाल्ट लागतो. पाया कातळावर टेकला की शेजाऱ्याच्या वजनाची चिंता जवळपास संपते. पुण्यात दोन उंच इमारती सान्तोससारख्या एकमेकींकडे झुकतील, अशी भीती मी तरी कोणाला घालणार नाही. मुंबईत चित्र मिश्र आहे. सात बेटांमधल्या खाड्या बुजवून झालेल्या जमिनीत वर भराव, मग खाडीचा काळा गाळ, मग झिजलेला खडक आणि नंतर पक्का, असे थर सापडतात. एकाच रस्त्यावर या टोकाला कातळ तीन मीटरवर आणि त्या टोकाला पंधरावर, हे नेहमीचे आहे. नव्या इमारती पाइलवर किंवा थेट खडकावर उभ्या राहतात. त्यांच्या शेजारची चाळ मात्र भरावावर, दगडी जोत्यावर, चार-सहा फूट खोल पायावर शंभर वर्षे उभी असते. आपल्याकडची बहुतेक प्रकरणे वजनाची नसतात, खोदकामाची असतात.

जमीन खोदली की बाजूच्या मातीचा आडवा आधार जातो. माती खड्ड्याकडे सरकते आणि सरकताना बसते, खड्ड्याच्या कडेला जास्त, लांब जाऊ तसे कमी. या उतरत्या वळणावर उभी असलेली जुनी भिंत वाकू शकत नाही, म्हणून फाटते. तडा सहसा खिडकीच्या कोपऱ्यातून निघतो आणि तिरका वर जातो. त्याच्याही आधी दरवाजा चौकटीत घासू लागतो आणि कडी जागेवर बसेनाशी होते. गिरगावातल्या एका खोलीत अशा तड्यावर कोणीतरी प्लास्टरच्या दोन टिकल्यांत काचेची पट्टी आडवी बसवलेली मी पाहिली. टिकलीवर पेन्सिलीने तारीख लिहिलेली होती. भिंत आणखी हलली तर काच तडकते, एवढेच तिचे काम. खोलीतल्या आजी रोज सकाळी देवपूजेनंतर ती पट्टी पाहून घेत. इमारतीवर टिल्ट मीटर, रस्त्यावर सर्व्हेचे खिळे, कंत्राटदाराच्या ऑफिसात आलेख, हे सारे असू शकते. पण त्या घराला कळेल असे साधन ती काच होती, आणि तिची नोंद ठेवायची म्हणून कोणी वहीही दिलेली नव्हती.

पुण्याच्या पेठांत वाडे एकमेकांना खेटून आहेत. मधली भिंत सामाईक, पाया दगड-मातीचा. एक वाडा पाडून तिथे पार्किंगसाठी खाली उतरायचे ठरते, तेव्हा शेजारच्या भिंतीला लोखंडी टेकू लावले जातात आणि काम झाले असे समजतात. टेकू भिंत धरतो; भिंतीखालची माती धरत नाही. त्यासाठी शेजाऱ्याचा पाया एक आड एक तुकड्यांत खोदून खालपर्यंत बांधून न्यावा लागतो, म्हणजे अंडरपिनिंग. नाहीतर खोदण्याआधी हद्दीवर पाइलची भिंत उतरवावी लागते. दोन्हींना वेळ लागतो, पैसा लागतो. आपल्या मानकांत, आयएस १९०४ मध्ये, वेगवेगळ्या खोलीवरच्या शेजारच्या फुटिंगसाठी साधा नियम आहे. वाळूसारख्या मातीत दोघींच्या जवळच्या खालच्या कडा जोडणारी रेषा दोन आडवे, एक उभे यापेक्षा जास्त उभी असू नये. आपल्याच इमारतीच्या फुटिंगसाठी हा नियम अभियंते पाळतात. हद्दीपलीकडच्या फुटिंगसाठी तो आठवत नाही, कारण ती फुटिंग नकाशात नसते.

खोदकाम बिघडले तर काय होते याची दोन उदाहरणे २००९ या एकाच वर्षातली आहेत. त्या वर्षी ३ मार्चला जर्मनीतल्या कोलोन शहराचे ऐतिहासिक अभिलेखागार कोसळले. शेजारी भुयारी रेल्वेचा खोल खड्डा होता, त्याच्या काँक्रीट भिंतीतल्या दोषातून वाळू आणि पाणी आत वाहून गेले आणि इमारतीखालची जमीनच निघून गेली. शेजारच्या घरांतली दोन माणसे दगावली, आणि मध्ययुगापासूनची कागदपत्रे ढिगाऱ्यात गाडली गेली. २७ जूनला शांघायमध्ये बांधून होत आलेली तेरा मजली इमारत जवळजवळ अखंड आडवी झाली. एका अंगाला भुयारी पार्किंगसाठी साडेचार मीटरचा खड्डा, दुसऱ्या अंगाला त्याच मातीचा सुमारे दहा मीटर उंच ढीग. जमीन ढिगाकडून खड्ड्याकडे ढकलली गेली आणि खालच्या पाइल मोडल्या. एक कामगार गेला. पाइल घातल्या की शेजारच्या जमिनीशी आपला संबंध संपला, असे मानणाऱ्याने हे दुसरे उदाहरण जरूर लक्षात घ्यावे.

विदर्भ, मराठवाडा, सोलापूर या भागांतल्या काळ्या मातीला पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिले आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिथे शेजाऱ्याचा फुटका नळ किंवा शोषखड्डा तुमच्या घराचा एक कोपरा उचलू शकतो, आणि कुंपणाजवळचे मोठे झाड तोच कोपरा बसवू शकते. यात कोणाची चूक शोधत बसण्यापेक्षा पाणी कुठून कुठे जाते ते आधी पाहणे शहाणपणाचे.

कायद्याविषयी लिहावे की नाही असे मनात होते; शेवटी लिहिले, कारण लोक विचारतात. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ चा. मुंबई प्रांताला तो १८९१ पासून लागू झाला. त्याच्या कलम ७ मध्ये प्रत्येक जमीनमालकाचा एक नैसर्गिक हक्क मानला आहे: शेजारच्या आणि खालच्या मातीने त्याच्या जमिनीला निसर्गतः दिलेला आधार. पण हा हक्क नैसर्गिक स्थितीतल्या जमिनीला आहे, म्हणजे जी खोदलेली नाही आणि जिच्यावर कृत्रिम दाब नाही. घर बांधले की दाब आला. घरासह जमिनीला शेजारच्या मातीचा आधार हक्काने हवा असेल तर कलम १५ प्रमाणे तो शांततेने, अखंड वीस वर्षे मिळालेला असावा लागतो. जुन्या चाळींना आणि वाड्यांना ही तरतूद मोठा आधार आहे, आणि ती फार थोड्या भाडेकरूंना ठाऊक असते. मी वकील नाही. तरतुदीचा अर्थ वकिलाकडून समजून घ्यावा. पण तडा केव्हा पडला, काम केव्हा सुरू झाले, पंप केव्हा लागले, याची तारीखवार नोंद आणि फोटो वकिलालाही लागतातच. ते काम सुरू होण्याआधी करायचे असते, आणि कसे करायचे ते पुस्तकात पायरीपायरीने दिले आहे.

भूकंपावरचे प्रकरण मुद्दाम छोटे ठेवले. हादऱ्यात एका इमारतीचे डोलणे मातीतून शेजारच्या इमारतीत कसे जाते यावर पाच-सहा दशके संशोधन चालू आहे, पण रोजच्या कामात वापरता येईल अशा सोप्या नियमांपर्यंत ते पोचलेले नाही. अर्धवट समजलेली गोष्ट ठामपणे सांगण्यापेक्षा थोडक्यात सांगितलेली बरी.

एका मागणीसाठी मात्र मी पाने राखून ठेवली आहेत. एकाच गल्लीत चार प्लॉटवर चार दशकांत चार वेळा बोअर मारले जातात. प्रत्येक वेळी ड्रिलिंगची गाडी येते, खडकाचे तुकडे लाकडी पेट्यांत क्रमाने मांडले जातात, सॉइल रिपोर्ट तयार होतो, मंजुरीच्या फायलीत लागतो आणि तिथेच राहतो. चौथ्या प्लॉटच्या अभियंत्याला पहिल्या तिघांचे थर दिसत नाहीत. ब्रिटनच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने दहा लाखांहून अधिक बोअरच्या नोंदी जपल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक कोणीही नकाशावर बोट ठेवून पाहू शकतो. आपल्या महापालिकांकडे येणारे बोअरलॉग सिटी सर्व्हे नंबरनिहाय असेच खुले करावेत. त्याला नवे ड्रिलिंग लागत नाही. फायली आहेत, त्या स्कॅन करायच्या आहेत. ते होईपर्यंत पुनर्विकासाला निघालेल्या प्रत्येक सोसायटीने आपल्या सॉइल रिपोर्टची एक प्रत शेजारच्या सोसायटीला द्यावी आणि तिची मागून घ्यावी. त्यासाठी पाठवायच्या पत्राचा मसुदा परिशिष्टात छापला आहे.